युद्ध टाळलं, पण खुर्ची गमावली : जॉन अ‍ॅडम्स यांची वादळी चार वर्षं

अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन सगळ्यांना माहीत असतात. तिसरे थॉमस जेफरसनही बऱ्याच जणांना ठाऊक असतात. या दोघांच्या मध्ये, १७९७ ते १८०१ या काळात देशाची सूत्रं सांभाळणारे जॉन अ‍ॅडम्स मात्र सहसा आठवत नाहीत. त्यांची ही चार वर्षं युद्धाचं सावट, पक्षातली फितुरी आणि एका बदनाम कायद्यात गेली.

विरोधकच झाला उपराष्ट्राध्यक्ष

१७९६ च्या निवडणुकीत अ‍ॅडम्स यांना ७१ इलेक्टोरल मतं मिळाली, तर जेफरसन यांना ६८. तेव्हाच्या नियमानुसार दुसऱ्या क्रमांकाची मतं मिळवणारा उपराष्ट्राध्यक्ष व्हायचा. त्यामुळे फेडरलिस्ट पक्षाच्या अ‍ॅडम्स यांच्या जोडीला विरोधी पक्षाचे जेफरसन येऊन बसले.

घरातली परिस्थितीही वेगळी नव्हती. अ‍ॅडम्स यांनी वॉशिंग्टन यांचंच मंत्रिमंडळ कायम ठेवलं. पण परराष्ट्रमंत्री टिमोथी पिकरिंग, अर्थमंत्री ऑलिव्हर वोल्कॉट आणि युद्धमंत्री जेम्स मॅकहेन्री हे अ‍ॅडम्स यांच्यापेक्षा अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा शब्द जास्त मानत. हॅमिल्टन तेव्हा सरकारमध्ये नव्हते, पण फेडरलिस्ट पक्षात त्यांचा मोठा दबदबा होता.

एक्स, वाय, झेड प्रकरण

त्या वेळी ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात युद्ध सुरू होतं. अमेरिकेने ब्रिटनशी करार केल्यामुळे फ्रान्स चिडला आणि अमेरिकेची व्यापारी जहाजं पकडू लागला. तोडगा काढण्यासाठी अ‍ॅडम्स यांनी १७९७ मध्ये तीन दूत पॅरिसला पाठवले. तिथे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री तालेराँ यांच्या मध्यस्थांनी बोलणी सुरू करण्याआधीच सुमारे अडीच लाख डॉलरची लाच आणि वर मोठं कर्ज मागितलं.

एप्रिल १७९८ मध्ये ही कागदपत्रं अमेरिकेत प्रसिद्ध झाली. मध्यस्थांच्या नावांऐवजी त्यात एक्स, वाय, झेड अशी अक्षरं होती. देशभर संतापाची लाट उसळली आणि अ‍ॅडम्स रातोरात लोकप्रिय झाले. स्वतंत्र नौदल खातं सुरू झालं आणि समुद्रावर दोन्ही देशांच्या जहाजांमध्ये चकमकी झडू लागल्या. अधिकृत युद्ध मात्र कुणीच जाहीर केलं नाही. म्हणूनच इतिहासात याला 'अर्धयुद्ध' म्हटलं जातं.

सरकारवर टीका केली की तुरुंग

याच वातावरणात १७९८ च्या उन्हाळ्यात फेडरलिस्ट बहुमताच्या काँग्रेसने चार कायदे केले. नागरिकत्व मिळवण्यासाठी लागणारा वास्तव्याचा काळ ५ वर्षांवरून १४ वर्षांवर गेला. परदेशी लोकांना हाकलून देण्याचे अधिकार राष्ट्राध्यक्षांना मिळाले. सर्वात वादग्रस्त ठरला राजद्रोहाचा कायदा. सरकार, काँग्रेस किंवा राष्ट्राध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटं आणि बदनामीकारक लिहिलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार डॉलरपर्यंत दंड!

गंमत म्हणजे या यादीत उपराष्ट्राध्यक्ष, म्हणजेच जेफरसन, नव्हते. त्यांच्यावर हवी तेवढी चिखलफेक करायला मोकळीक होती.

व्हरमाँटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन यांना या कायद्याखाली चार महिन्यांची कैद झाली. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिलं. हा कायदा अ‍ॅडम्स यांनी मागितला नव्हता, पण त्यावर सही त्यांचीच होती. तो डाग कायमचा राहिला.

स्वतःच्याच पक्षाला धक्का

फेडरलिस्ट पक्षातल्या कडव्या गटाला फ्रान्सशी उघड युद्ध हवं होतं. नव्या सैन्याचे नामधारी सेनापती वॉशिंग्टन होते, पण प्रत्यक्ष सूत्रं हॅमिल्टन यांच्या हातात होती. अशा वेळी फेब्रुवारी १७९९ मध्ये अ‍ॅडम्स यांनी मंत्रिमंडळाला न विचारता फ्रान्सकडे पुन्हा दूत पाठवण्याचा प्रस्ताव सिनेटपुढे ठेवला. पक्षात खळबळ माजली. मे १८०० मध्ये त्यांनी मॅकहेन्री यांना राजीनामा द्यायला लावला आणि पिकरिंग यांना थेट काढून टाकलं.

३० सप्टेंबर १८०० रोजी फ्रान्सशी करार झाला आणि युद्धाचं संकट टळलं. पण ही बातमी समुद्रापलीकडे पोहोचेपर्यंत निवडणुकीत तिचा उपयोग होण्याची वेळ निघून गेली होती. त्यातच हॅमिल्टन यांनी अ‍ॅडम्स यांच्यावर सडकून टीका करणारं लांबलचक पत्रक लिहिलं. अ‍ॅडम्स यांना ६५ मतं मिळाली, तर जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे एरन बर यांना प्रत्येकी ७३. बरोबरीचा हा पेच प्रतिनिधिगृहात ३६ व्या फेरीत सुटला आणि जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाले.

पहाटे चारची गाडी

४ मार्च १८०१ रोजी जेफरसन यांच्या शपथविधीला न थांबता अ‍ॅडम्स पहाटे चार वाजताच घोडागाडीने राजधानीतून निघून गेले. त्यांच्या वागण्यात कडवटपणा होता, पण त्यांनी खुर्ची अडवून धरली नाही. अमेरिकेत सत्ता पहिल्यांदाच एका पक्षाकडून विरोधी पक्षाकडे गेली आणि तीही रक्ताचा थेंब न सांडता. राजद्रोहाच्या कायद्याची मुदत आदल्याच दिवशी संपली होती.

पुढे दोघांचं मनोमिलन झालं. १८१२ पासून त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि ४ जुलै १८२६ रोजी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला बरोबर ५० वर्षं झाली त्याच दिवशी, दोघांनीही जगाचा निरोप घेतला. उतारवयात अ‍ॅडम्स यांनी एका पत्रात लिहिलं होतं की, फ्रान्सशी शांतता करण्याची जबाबदारी आपण घेतली, एवढंच आपल्या थडग्यावर कोरलं तरी पुरे. ज्या निर्णयाने त्यांचा पक्ष दुभंगला, त्याचाच त्यांना सर्वात जास्त अभिमान होता.