अणुप्रारूपे

अणूची अंतर्गत रचना स्पष्ट करण्यासाठी मांडलेल्या वैज्ञानिक संकल्पनांना अणुप्रारूपे असे म्हणतात. नव्या प्रयोगांशी मेळ न बसल्याने प्रत्येक जुने प्रारूप बदलावे लागले. मात्र त्यातील ग्राह्य भाग पुढील प्रारूपात टिकून राहिला. मराठीतील 'अणू' व 'रेणू' या संज्ञांना हिंदीत अनुक्रमे 'परमाणु' व 'अणु' म्हणतात. महाराष्ट्रात बालभारतीच्या इयत्ता आठवीच्या विज्ञान पाठ्यपुस्तकात 'अणूचे अंतरंग' या प्रकरणात हा विषय येतो.

डाल्टनचा सिद्धान्त

जॉन डाल्टन यांनी १८०८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अणू अविभाज्य असून एकाच मूलद्रव्याचे सर्व अणू समान वस्तुमानाचे असतात, असे प्रतिपादन केले. संयुगांतील मूलद्रव्यांचे स्थिर प्रमाण यामुळे उलगडले. पुढे इलेक्ट्रॉन व समस्थानिके यांच्या शोधांमुळे ही दोन्ही गृहीतके बाधित झाली.

थॉमसनचे प्रारूप

जे. जे. थॉमसन यांनी १८९७ साली इलेक्ट्रॉनचे अस्तित्व सिद्ध केले. १९०४ साली त्यांनी धनप्रभाराच्या गोलात इलेक्ट्रॉन विखुरलेले असल्याचे सुचविले. कलिंगडाचा गर व त्यातील बिया या उपमेने हे प्रारूप समजावले जाते. अणू विद्युतदृष्ट्या उदासीन का असतो, हे त्यातून कळते. परंतु अल्फा कणांचे मोठ्या कोनातील विकिरण त्यातून स्पष्ट होत नाही.

रदरफोर्डचे प्रारूप

१९०९ साली मँचेस्टर येथे गायगर व मार्सडन यांनी धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण आरपार गेले. अगदी थोडे मागे फिरले. त्यावरून अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी १९११ साली अणूचा धनप्रभार व बहुतांश वस्तुमान सूक्ष्म केंद्रकात एकवटलेले असल्याचे मांडले. मात्र अभिजात विद्युतचुंबकीय सिद्धान्तानुसार परिभ्रमण करणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा उत्सर्जित करीत अत्यल्प काळात केंद्रकावर कोसळला पाहिजे. अणूंचे स्थैर्य व हायड्रोजनचा रेषीय वर्णपट हे दोन्ही प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिले.

बोरचे प्रारूप

नील्स बोर यांनी १९१३ साली इलेक्ट्रॉन ठरावीक कक्षांतच फिरतात व तेथे ऊर्जा उत्सर्जित करीत नाहीत, असे गृहीत धरले. कक्षा बदलताना ऊर्जेतील फरकाइतका प्रकाश शोषला किंवा उत्सर्जित केला जातो. यामुळे हायड्रोजनच्या वर्णरेषांच्या तरंगलांबी अचूक मिळाल्या. हीलियमसारख्या एकाहून अधिक इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंचे वर्णपट, वर्णरेषांची तीव्रता व असामान्य झीमन परिणाम यांचे स्पष्टीकरण मात्र देता आले नाही. आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी १९१६ साली लंबवर्तुळाकार कक्षा सुचवूनही हे दोष पूर्णतः दूर झाले नाहीत.

पुढील विकास

१९२६ साली एर्विन श्रोडिंगर यांनी तरंग समीकरण मांडले. निश्चित कक्षांची जागा इलेक्ट्रॉन सापडण्याच्या संभाव्यतेने घेतली. केंद्रक व ठरावीक ऊर्जापातळ्या या कल्पना मात्र आधुनिक सिद्धान्तातही कायम राहिल्या.