दुकानाच्या मोबाईलवर डेटाचे जास्तीचे पैसे कापले गेले? कारण कसं शोधायचं आणि पैसे परत कसे मागायचे

दर महिन्याला साधारण ५५५ रुपये बिल येणाऱ्या नंबरवर अचानक २४,६०९ रुपयांचं बिल आलं तर? अहमदाबादच्या एका पोस्टपेड ग्राहकाच्या बाबतीत हे २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये घडलं. बिल क्रेडिट कार्डच्या ऑटो पेला जोडलेलं होतं. त्याने ग्राहक मंचात तक्रार केली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. तिथे काय ठरलं, ते खाली येईलच.

बार्शीतलं आडत दुकान असो, मेडिकल असो किंवा स्टँडजवळचं झेरॉक्स सेंटर, आज धंद्याचं बरंच काम एका सिमवर चालतं. मालाचे फोटो, ऑर्डर, क्यूआर कोडचं पेमेंट, जीएसटीचे ओटीपी, सगळं त्यावरच. घरात मोबाईलचं तुम्हालाच जास्त कळत असेल, तर बिल वाढल्यावर वडील किंवा काका तुम्हालाच विचारणार. म्हणून ही माहिती एकत्र देतोय.

पैसे नेमके कुठून जातात?

'डेटाचे पैसे' म्हणून दिसणारी रक्कम खरं तर वेगवेगळ्या वाटांनी जाते. वाट कळल्याशिवाय तक्रार करून उपयोग नाही.

१. पॅक संपल्यानंतरचा वापर. बऱ्याच प्लॅनमध्ये कोटा संपला की स्पीड कमी होतो, जादा पैसे लागत नाहीत. पण काही पोस्टपेड आणि जुन्या प्लॅनमध्ये पुढचा डेटा वेगळ्या दराने मोजला जातो. हा दर १० केबीला ४ पैसे असा लिहिलेला असेल, तर वाचताना तो किरकोळ वाटतो. हिशोब केला तर १ एमबीचे सुमारे ४ रुपये आणि १ जीबीचे जवळपास ४,२०० रुपये होतात.

२. पुन्हा पुन्हा घेतलेले डेटा व्हाउचर. प्रीपेडवाल्यांचा खर्च बहुतेक इथे वाढतो. दुकानात ४जी सिमचा कॅमेरा असेल आणि तो सतत १ एमबीपीएसने व्हिडिओ पाठवत असेल, तर तासाला ४५० एमबी आणि दिवसाला जवळपास ११ जीबी डेटा जातो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये हे बसणारच नाही.

३. हॉटस्पॉट. बिलिंगचा लॅपटॉप मोबाईलला जोडला की त्याला ते साधं वायफाय वाटतं. मग विंडोजचे अपडेट आणि फोटोंचा बॅकअप बिनधास्त सुरू होतात.

४. व्हॅल्यू अ‍ॅडेड सर्व्हिस. कॉलर ट्यून, गेम, ज्योतिष, क्रिकेट अलर्ट वगैरे. हा डेटा नव्हे, पण पैसे त्याच बॅलन्समधून किंवा बिलातून जातात.

५. इंटरनॅशनल रोमिंग. काशी-अयोध्येची यात्रा करून पुढे नेपाळला गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये डेटा रोमिंग चालू राहिलं, तर इथला पॅक तिथे चालत नाही.

साउंडबॉक्स किंवा कार्ड मशीनमध्येही सिम असतं, पण त्याचा खर्च सहसा भाड्यात धरलेला असतो. ते भाडं पेमेंट कंपनी कापते, मोबाईल कंपनी नाही. त्याची तक्रार पेमेंट कंपनीकडेच करायची.

आधी पुरावा गोळा करा

- अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या नेटवर्क विभागात डेटा युसेज उघडा. बिल ज्या तारखेला सुरू होतं तीच तारीख बिलिंग सायकलला टाका आणि कोणत्या अ‍ॅपने किती डेटा घेतला त्याचा स्क्रीनशॉट घ्या.
- आयफोनमध्ये हे आकडे आपोआप शून्य होत नाहीत. दर महिन्याला स्वतः रीसेट करावे लागतात.
- पोस्टपेड असेल तर तपशीलवार बिल डाउनलोड करा. प्रीपेड ग्राहकालाही वापराचा तपशील मागता येतो. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार त्यासाठी जास्तीत जास्त ५० रुपये घेता येतात आणि मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा तपशील मिळतो.
- कंपनीचे मेसेज डिलीट करू नका. डेटा पॅकचा ५०, ९० आणि १०० टक्के वापर झाला की ग्राहकाला कळवणं कंपनीला बंधनकारक आहे. असे मेसेज आलेच नसतील, तर तो तक्रारीतला महत्त्वाचा मुद्दा आहे.

फोनचा आकडा आणि कंपनीचा आकडा तंतोतंत जुळत नाही. थोडा फरक चालतो. पण फोन ३ जीबी दाखवतोय आणि बिल ९ जीबीचं आलंय, तर कंपनीने त्याचं उत्तर दिलं पाहिजे.

गळती लगेच थांबवा

- नको असलेली व्हॅल्यू अ‍ॅडेड सर्व्हिस बंद करायला १५५२२३ वर 'स्टॉप' हा शब्द इंग्रजी अक्षरांत एसएमएस करा. ग्राहकाने दोनदा संमती दिल्याशिवाय अशी सेवा चालू करता येत नाही.
- नंबरवरची डेटा सेवाच बंद करायची असेल, तर हाच शब्द १९२५ वर पाठवा. मेसेज टोल फ्री आहे. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय डेटा सेवा चालू करायची नाही, हा नियम १ सप्टेंबर २०१५ पासून आहे.
- बिल ऑटो पेवर असेल तर आधी ते थांबवा. कार्ड किंवा यूपीआयच्या ऑटो पेमध्ये पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. ती न बघता बाजूला सारू नका.

तक्रारीच्या पायऱ्या

पहिली पायरी: कंपनीचं तक्रार केंद्र. १९८ वर फोन करा किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधून तक्रार नोंदवा. डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तो नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. सिम वडिलांच्या नावावर असेल तर तक्रारही त्यांच्याच नावाने करा. बिलाच्या तक्रारी निकाली काढायला कंपनीला काही आठवड्यांची मुदत असते. तोपर्यंत बिल गुपचूप थकवू नका. वादातली रक्कम बाजूला ठेवा, अशी लेखी विनंती करा.

दुसरी पायरी: अपील. उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. फी नाही, आणि निर्णय ३९ दिवसांत द्यायचा असतो. कस्टमर केअरवरची 'सर, चार्जेस बरोबर आहेत' ही एक ओळ ऐकून बरेच जण इथेच सोडून देतात. पण ही पायरी फुकट आहे आणि इथलं लेखी उत्तर पुढे कामाला येतं.

ट्राय नियम करते, एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. त्यामुळे तिथे पत्र पाठवून वेळ घालवू नका. मदत हवी असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आहे.

तिसरी पायरी: ग्राहक आयोग. इथे अहमदाबादचं प्रकरण कामाला येतं. कंपनीचं म्हणणं होतं की टेलिग्राफ कायद्यात लवादाची तरतूद आहे, त्यामुळे ग्राहक मंचाला हा विषय ऐकताच येणार नाही. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सुप्रीम कोर्टाने ते फेटाळलं आणि मोबाईल ग्राहक थेट ग्राहक आयोगात जाऊ शकतो असं सांगितलं. लक्षात घ्या, कोर्टाने तेव्हा बिल चूक की बरोबर हे ठरवलं नाही, दाद कुठे मागायची ते ठरवलं.

बार्शीकरांसाठी हा आयोग सोलापूरला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईत असलं तरी. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल होते. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची.

दुकानदारांसाठी एक अडचण मात्र आहे. 'व्यापारी हेतूने' सेवा घेणारा कायद्याच्या व्याख्येत ग्राहक ठरत नाही, आणि कंपनी हा मुद्दा काढू शकते. सेवा मुख्यतः कशासाठी घेतली, हे प्रत्येक प्रकरणात बघितलं जातं. म्हणून फर्मच्या नावावर घेतलेल्या कनेक्शनची रक्कम मोठी असेल, तर आधी वकिलाचा सल्ला घ्या आणि अपीलाची पायरी अजिबात सोडू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून

- अँड्रॉइडमध्ये डेटा वॉर्निंगसोबत डेटा लिमिटही लावा. वॉर्निंग फक्त सांगते, लिमिट डेटा बंद करते.
- व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मोबाईल डेटावर फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा.
- लॅपटॉपवर हॉटस्पॉटचं कनेक्शन 'मीटर्ड' करा.
- कॅमेरा सतत नाही, हालचाल झाली तरच रेकॉर्ड करेल असा ठेवा. शक्य असेल तिथे ब्रॉडबँड घ्या.
- परदेशी जाण्याआधी डेटा रोमिंग बंद करा.
- प्लॅन घेताना एकच प्रश्न विचारा: 'कोटा संपल्यावर काय होतं? स्पीड कमी होतो की पैसे लागतात?' उत्तर मेसेजवर किंवा ईमेलवर मागून घ्या.