सी९९, सी११ म्हणजे काय? सॉफ्टवेअर नव्या स्टँडर्डवर जातं तेव्हा कोण मागे राहतं?

अँड्रॉइड फोनवर 'कोल्हापूर' टाईप केलं की 'ल्' आणि 'ह' जोडून 'ल्ह' दिसतो. अक्षरं अशी जोडायचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिसमध्येही तीच आहे. एकच कोड अनेक प्रकारच्या मशीनवर चालतो, म्हणून अशा सॉफ्टवेअरला 'पोर्टेबल' म्हणतात. हार्फबझ तयार करायला किमान सी++११ समजणारा कंपायलर लागतो. ही 'किमान' अट का वाढते, ते बघूया.

स्टँडर्ड म्हणजे काय?
भाषेचे अधिकृत नियम. सी भाषेची १९८९, १९९९, २०११ अशी स्टँडर्ड आली. नावातला आकडा वर्षाचा. या नियमांनुसार कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो तो कंपायलर.

उदाहरण घ्या. फॉर लूपच्या कंसातच व्हेरिएबल जाहीर करणं सी८९ मध्ये चालत नाही, सी९९ मध्ये चालतं. मी कोल्हापुरात मुलांना सी शिकवतो. टर्बो सी++ वर शिकून आलेल्यांना हे नवीनच वाटतं, कारण तो कंपायलर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा आहे.

मग अट वाढवायची कशाला?
नुसत्या सोयीसाठी नाही. अँड्रॉइडचा पाया असलेल्या लिनक्स कर्नलमध्ये लूपचा व्हेरिएबल लूप संपल्यावरही शिल्लक राहायचा. तो चुकून वापरला गेला की बग! लूपमध्येच जाहीर केला, तर बाहेर वापरताक्षणी कंपायलर अडवतो. मे २०२२ मध्ये आलेल्या ५.१८ आवृत्तीपासून कर्नलने सी८९ सोडून सी११ घेतलं.

तोटा कुणाचा?
ज्या मशीनसाठी नवा कंपायलरच मिळत नाही, त्यांचा. तिथे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तयार होत नाही, म्हणजे सिक्युरिटीच्या दुरुस्त्याही पोचत नाहीत. इंटरनेटवरून डेटा आणणारं कर्ल म्हणूनच आजही सी८९ धरून आहे. फोनवर मात्र आपल्याला तयार ॲप मिळतं. कंपायलरची काळजी ॲप बनवणाऱ्याची.

मधला रस्ता
मला गिटची पद्धत सगळ्यात पटते. २०१७ मध्ये त्यांनी सी९९ मधली एक सोय कोडात मोजक्याच जागी वापरून पाहिली. कुणाचं अडलंच, तर काढून टाकायला सोपी. जानेवारी २०२२ च्या २.३५ आवृत्तीत कंपायलरला सी९९ येतं का, हे तपासणारी छोटी चाचणीच घातली.

तुम्ही स्वतः प्रोजेक्ट करत असाल तर तीन गोष्टी करा:
- किमान स्टँडर्ड कोणतं, ते रीडमी फाईलमध्ये स्पष्ट लिहा.
- मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर एकदा कंपाइल करून बघा.
- अट वाढवायची असेल तर वापरणाऱ्यांना आधी सांगा.

नवं स्टँडर्ड जरूर घ्या. फक्त त्यामुळे कुणाचं काम थांबणार आहे, हे आधी बघा.