रॅपरचे उत्तरवय : एका काव्यसंकेताचा इतिहास

एरवी गायकाचे वय ही चरित्रकाराच्या आस्थेची बाब असते. समीक्षेला तिच्याशी फारसे कर्तव्य नसते. ख्यालाच्या बंदिशीतील विरहिणी आणि ती बंदिश मांडणारा सत्तरीचा गवई यांची गल्लत कोणी श्रोता करीत नाही. ब्लूजच्या परंपरेत तर वय हे अधिकाराचेच लक्षण ठरले. जॉन ली हूकरला मोठे व्यावसायिक यश पुन्हा लाभले ते १९८९ साली, 'द हीलर' या ध्वनिमुद्रिकेमुळे, सत्तरी ओलांडल्यावर. त्याच कृष्णवर्णीय अमेरिकी परंपरेतून निघालेल्या रॅपमध्ये मात्र चाळिशी गाठलेला कवी संशयास्पद ठरत आला आहे. 'हा तरुणांचा संगीतप्रकार आहे' एवढ्या स्पष्टीकरणावर हा प्रश्न सहसा आटोपला जातो. पण रॉकही तरुणांचाच होता आणि विशीत रचलेली गाणी साठीत गाणाऱ्या रॉक-गायकांची टिंगल झाली तरी त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप फारसा झाला नाही. प्रश्न वयाचा कमी आणि रॅपमधील 'मी'चा अधिक आहे. शब्द रचणारा, ते उच्चारणारा आणि त्या शब्दांतले आयुष्य जगणारा हे तिघे एकच आहेत, असे गृहीत धरण्याचा संकेत या काव्यप्रकारात रूढ झाला. हा संकेत जन्मजात नव्हता, तो घडला. आणि कसा घडला हे पाहिल्यावाचून उत्तरवयाची कोंडी उलगडत नाही.

११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत, सिंडी कँपबेल या मुलीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे जमवण्याच्या हेतूने एक पार्टी भरवली. तबकड्या लावायला तिचा अठरा वर्षांचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क, होता. एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून गाण्यातील तालवाद्यांचा तुकडा हवा तितका लांबवण्याची त्याची युक्ती हा पुढच्या साऱ्या संगीताचा पाया मानला जातो. माइकवरून बोलणाऱ्याचे काम या रचनेत दुय्यम होते: मित्रांची नावे पुकारायची, नाचणाऱ्यांना चेतवायचे. आत्मकथनाला तेथे जागाच नव्हती. पुढे १९८०च्या दशकात सॅम्पलर यंत्र हाती आल्यावर जुन्या फंक, सोल आणि जॅझच्या तबकड्यांतून नेमके तुकडे काढून नवे गाणे रचले जाऊ लागले. या तबकड्या पुष्कळदा आईवडिलांच्या संग्रहातल्या असत. संगीताच्या पातळीवर रॅप हा अशा रीतीने थोरल्या पिढीच्या स्मरणावर पोसलेला प्रकार आहे. वर्तमानाचा आग्रह धरला तो त्यातील शब्दांनी.

या आग्रहाच्या मुळाशी एक उसनवारी आहे. १९७९ साली सिल्व्हिया रॉबिन्सनच्या शुगर हिल कंपनीने 'रॅपर्स डिलाइट' काढले. रॅपचे हे पहिले मोठे व्यावसायिक यश. त्यातील बिग बँक हँकने म्हटलेला मजकूर बव्हंशी ग्रँडमास्टर कॅझ या ब्राँक्समधील कवीचा होता. इतका की कॅझचे टोपणनावसुद्धा हँकच्या तोंडी तसेच राहिले. कॅझला श्रेय मिळाले नाही. दुसऱ्याच्या ओळी म्हणणे हे पुढे या क्षेत्रात सर्वांत मोठे पातक ठरले, त्यामागे या घटनेचा वाटा मोठा असावा. 'शब्द स्वतःचे हवेत' ही मागणी हळूहळू 'त्या शब्दांतले आयुष्यही स्वतःचे आणि आजचे हवे' या मागणीपर्यंत पोचली. कॅझ स्वतः पुढे ब्राँक्समधील हिप-हॉपची स्थळे दाखवणाऱ्या पर्यटकांच्या बसवर मार्गदर्शक म्हणून उभा राहिला. आपल्याच काव्याचा निरूपणकार होणे ही एका संस्थापकाच्या वाट्याला आलेली म्हातारपणाची भूमिका.

दुसरा संस्कार कथनाच्या घाटाचा आहे. १९८२च्या 'द मेसेज'चा बराचसा भाग ड्यूक बूटी या वादकाने रचला, पण शेवटचे कडवे मेली मेलचे. त्यात एका मुलाचा जन्म, गुन्हेगारी, तुरुंग आणि कोठडीतला मृत्यू असे सबंध आयुष्य काही ओळींत संपते. सामाजिक आशयाच्या रॅपचा आदर्श म्हणून जी संहिता मान्य झाली तिच्यात वार्धक्य ही अवस्थाच नाही. बारा वर्षांनी नटोरियस बी.आय.जी. या बावीस वर्षांच्या कवीने 'रेडी टू डाय'ची सुरुवात जन्माच्या आवाजांनी केली आणि शेवट आत्महत्येने. कलाकृतीचा घाट आणि कलावंताचे प्राक्तन यांत अंतर ठेवणे ही समीक्षेची सवय. येथे मात्र ती टिकू दिली गेली नाही. १३ सप्टेंबर १९९६ रोजी टुपाक शकूर पंचविसाव्या वर्षी गेला, ९ मार्च १९९७ रोजी बी.आय.जी. चोविसाव्या वर्षी, दोघेही गोळ्यांना बळी पडले. टुपाकच्या हयातीत निघाल्या त्याहून अधिक ध्वनिमुद्रिका त्याच्या मृत्यूनंतर निघाल्या. २०१२ साली कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवात त्याची प्रकाशप्रतिमा रंगमंचावर आणली गेली. तो असता तर तेव्हा चाळिशीत असता. आणलेला देह मात्र तरुणाचाच होता. मृत कवी म्हातारा होत नाही ही बाजाराची सोय आहे, आणि तिने जिवंतांपुढे एक अवघड मापदंड ठेवला.

संकेताचा हा अक्षरशः अर्थ न्यायालयांनीही उचलला. रॅपमधील 'मी'ने सांगितलेला गुन्हा हा कवीचा कबुलीजबाब मानून सरकारी वकील ओळी सादर करीत आले. त्याला आवर घालणारा कायदा कॅलिफोर्नियाने २०२२ साली केला. ज्या समजुतीने तरुण कवीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तीच प्रौढ कवीला अप्रामाणिक ठरवते. रस्ता सोडून वीस वर्षे झालेल्याने रस्त्याविषयी बोलायचे कसे?

या प्रश्नाला जे-झीने दिलेल्या उत्तराची चर्चा सर्वाधिक झाली. २००३ साली निवृत्ती जाहीर करून तो तीन वर्षांत परतला, पण खरा बदल दिसतो तो २०१७च्या '४:४४'मध्ये. सत्तेचाळीस वर्षांचा हा कवी पत्नीशी केलेली प्रतारणा, आईचे समलिंगी असणे, मुलींना काय वारसा द्यावा अशा गोष्टी बोलतो. बढाईचा 'मी' येथे कबुलीचा 'मी' होतो आणि संकेत न मोडता वयात येतो. मात्र या कृतीला सरसकट 'परिपक्व' म्हणताना एक गोष्ट निसटते. तिच्यातील पश्चात्ताप आणि मालमत्तेची शहाणीव यांचा सूर एकच आहे; न घेतलेल्या इमारतीची हळहळ आणि दुखावलेल्या माणसाची हळहळ शेजारी शेजारी नांदतात. बेथोव्हनच्या उत्तरकृतींविषयी अडोर्नोने १९३७ साली लिहिले की त्या पिकलेल्या फळासारख्या गोल नसतात, सुरकुतलेल्या आणि भेगाळलेल्या असतात. एडवर्ड सैदने हाच धागा पुढे नेला. या कसोटीवर '४:४४' फार गुळगुळीत ठरते. तिच्यातले उत्तरवय धनिकाचे आहे, आणि बहुसंख्य रॅपरांना ते उपलब्ध नाही.

भेगा दिसतात त्या इतरत्र. 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'मधील फाइफ डॉगने १९९३च्या 'मिडनाइट मरॉडर्स'मध्येच, जेमतेम विशीत, आपल्या मधुमेहाचा थट्टेने उल्लेख केला होता. त्याच व्याधीतून उद्भवलेल्या गुंतागुंतीने तो मार्च २०१६मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. नोव्हेंबरमध्ये निघालेल्या समूहाच्या अखेरच्या ध्वनिमुद्रिकेत त्याचा आवाज मित्रांच्या आवाजांशी पूर्वीसारखीच देवघेव करतो. आजारी देह येथे विषय म्हणून येत नाही; श्वासातून, लयीतून येतो. आंद्रे ३०००ने दुसरे टोक गाठले. २०२३ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्याने बासरीवादनाची ध्वनिमुद्रिका काढली. या वयात रॅपमध्ये सांगण्याजोगे काय उरते, अशी शंका त्याने मुलाखतीत बोलून दाखवली होती. ही शंका प्रामाणिक आहे, पण ती संकेतालाच शरण जाते.

संकेत प्रत्यक्षात मोडला तो मुखवटे घालणाऱ्यांनी. भाऊ गमावल्यावर आणि कंपनीने वाऱ्यावर सोडल्यावर काही वर्षे दिसेनासा झालेला डॅनियल ड्यूमिले १९९९ साली 'एमएफ डूम' या धातूचा मुखवटा घातलेल्या खलनायकाच्या रूपाने परतला. स्वतःविषयी तृतीयपुरुषी बोलणाऱ्या या पात्राला वय नव्हते; कार्यक्रमांना तो कधी कधी मुखवट्याआड दुसऱ्यालाच पाठवी. प्रेक्षक चिडत, आणि ते चिडणे नेमके कशावर होते हे तपासण्यासारखे आहे. २०२० साली एकोणपन्नासाव्या वर्षी तो वारला, ते जगाला दोन महिन्यांनी कळले. मिसी इलियटचा 'मी'ही पहिल्यापासून सोंगाचा, अद्भुताचा होता. स्त्रीच्या देहाचे वय बाजार अधिक कठोरपणे मोजतो. तरीही तिचा पहिला स्वतंत्र दौरा पहिल्या ध्वनिमुद्रिकेनंतर सत्तावीस वर्षांनी, २०२४ साली, निघाला आणि त्यात जुने काहीच शिळे वाटण्याचे कारण नव्हते.

मराठी वाचकाला या चर्चेत ओळखीचे काही आढळेल. ब्लॅक पँथरवरून नाव घेतलेल्या दलित पँथरच्या नामदेव ढसाळांनी १९७२ साली, तेविसाव्या वर्षी, 'गोलपिठा' प्रसिद्ध केला. पुढच्या चार दशकांतले त्यांचे लेखन आपल्या समीक्षेने बहुधा 'गोलपिठा'च्या काट्यावरच तोलले. विसाव्या वर्षी 'इलमॅटिक' देणाऱ्या नासचे १९९४नंतर हेच झाले. याउलट वामनदादा कर्डकांच्या गीतांतील 'मी' समाजाचा होता, त्यामुळे त्यांच्या वयाचा हिशेब कोणी मागितला नाही. शाहिरीपाशी असलेली ही सोय आधुनिक कवितेने आणि रॅपने सारखीच गमावली.

दरम्यान हिप-हॉपचा सांस्कृतिक प्रभाव संस्थांनी मान्य केला आहे. २००२मध्ये हार्वर्डला त्याचे अभिलेखागार उभे राहिले, २०१८मध्ये केंड्रिक लामारला पुलित्झर मिळाले, २०२२च्या सुपर बोलच्या मध्यंतरात डॉ. ड्रे आणि स्नूप डॉग हे पन्नाशीचे पुरुष देशापुढे उभे राहिले. अभिलेखागारात मात्र प्रवेश सर्वांना सारखा नसतो. 'डी ला सोल'ची १९८९ची 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' ही सॅम्पल्सच्या दाट विणीची कृती. त्या तुकड्यांच्या परवानग्या आंतरजालाच्या आधीच्या काळातल्या, आणि मालकीहक्कांचा वाद लांबलेला. म्हणून आंतरजालावरील अधिकृत संगीतसेवांतून ती वर्षानुवर्षे गायब राहिली. नव्या श्रोत्यांच्या एका पिढीला तो समूह जणू अस्तित्वातच नव्हता. थोरल्यांच्या स्मृतीतून विणलेली कृती त्याच स्मृतीच्या मालकांनी अडवली. अखेर ३ मार्च २०२३ रोजी ती खुली झाली. समूहातील ट्रुगॉय त्याआधी तीन आठवडे, १२ फेब्रुवारीला, चोपन्नाव्या वर्षी मरण पावला होता.