उष्णताप्रिय सूक्ष्मजीवांच्या पेशीपटलातील मेद : एका शोधाचा इतिहास

प्रस्तावना :
परभणीच्या शेजारील नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यातील उनकेश्वर येथे गरम पाण्याचे झरे आहेत. 2016 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी त्यांतील डीएनएच्या आधारे तेथील जीवाणूंच्या विविधतेचा अभ्यास प्रसिद्ध केला. उष्णतेने सामान्य पेशीचे पटल सैल होऊन गळू लागते. मग अशा पाण्यातील सूक्ष्मजीव टिकतात कसे? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास प्रस्तुत लेखात मांडला आहे.

शोधाचे टप्पे :
1969 मध्ये थॉमस ब्रॉक व हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतील यलोस्टोनच्या झऱ्यांतून मिळवलेल्या ‘थर्मस अॅक्वाटिकस’ या जीवाणूचे वर्णन केले. तो सुमारे 70 अंश सेल्सिअसला उत्तम वाढतो. त्याच्या मेदातील साखळ्या संपृक्त व शाखायुक्त असतात. परंतु त्या इतर जीवाणूंप्रमाणे एस्टर बंधानेच जोडलेल्या असतात. ‘थर्मोप्लाझ्मा’ हा सूक्ष्मजीव 1970 मध्ये आपोआप तापलेल्या कोळशाच्या कचऱ्यात सापडला. त्यात लँगवर्दी व सहकाऱ्यांना 1972 मध्ये ईथर बंध आढळला. उष्ण आम्लात एस्टर बंध तुटतो, ईथर बंध टिकतो. पुढे इटलीतील डी रोझा व गंबाकोर्टा यांनी पटलाच्या आरपार जाणाऱ्या साखळ्यांचे स्वरूप उलगडले. अशा साखळ्यांमुळे पटलाचे दोन थर परस्परांपासून विलग होत नाहीत. तापमान वाढते तशी साखळ्यांतील पंचकोनी वलयेही वाढतात आणि पटल अधिक घट्ट होते.

अर्थातील बदल :
ईथर बंध ही उष्णतेची देणगी, असा निष्कर्ष यावरून सहज निघाला असता. तथापि मॉरिस केट्स यांना 1960 च्या दशकातच लवणप्रिय सूक्ष्मजीवांत हाच बंध आढळला होता. 1977 मध्ये वूझ व फॉक्स यांनी मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीव जीवाणूंहून वेगळ्या वंशाचे असल्याचे दाखवले. पुढे त्यांच्यातही ईथर मेद सिद्ध झाले. म्हणजे हा बंध मुख्यतः आर्किया या वंशाची खूण ठरला. आरपार साखळ्याही पुढे थंड सागरजलातील आर्कियात मिळाल्या. त्यामुळे तापमानाशी जुळवून घेण्याची खूण त्यांच्या केवळ अस्तित्वात नव्हे, तर त्यांच्या प्रमाणात व वलयांच्या संख्येत शोधावी लागते.

निष्कर्ष :
पेशीपटलातील मेदात वारसा आणि परिस्थिती यांच्या दोन नोंदी एकत्र असतात. थंड परिसरातील सजातीयांशी तुलना केल्याविना त्या वेगळ्या करता येत नाहीत. डीएनएच्या अभ्यासातून उनकेश्वरच्या सूक्ष्मजीवांची ओळख पटते. त्यांचे पटल उष्णता कसे सोसते, हे जाणण्यासाठी मेदांचे रासायनिक विश्लेषणही आवश्यक आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी मिळून हाती घ्यावा, असा हा विषय आहे.