किनाऱ्यावरील रात्र : गोव्यातील मैत्री, करमणूक आणि श्रम यांचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

इतिहासलेखनात दिवसाला जेवढे स्थान मिळाले तेवढे रात्रीला मिळालेले नाही. दरबार, तह, कायदे आणि चळवळी यांचा इतिहास बहुतांशी उजेडातील इतिहास आहे. युरोपात वुल्फगँग शिव्हेलबुश यांनी १९८३ मध्ये कृत्रिम प्रकाशाचा, तर रॉजर एकर्च यांनी २००५ मध्ये पूर्वकालीन रात्रीचा इतिहास लिहिला व रात्र ही केवळ निसर्गाने दिलेली वेळ नसून समाजाने घडविलेली वेळ आहे हे दाखवून दिले. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने गोव्याच्या बारदेश किनाऱ्यावरील रात्रीच्या करमणुकीचा विचार केला आहे.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या राळेगावात बसून हा विषय का घ्यावा, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर आपल्या परिसरातच आहे. शेजारचा वर्धा जिल्हा अनेक दशके दारूबंदीखाली आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे; चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली व २०२१ मध्ये उठली. अशा प्रदेशातील तरुणांच्या बोलण्यात 'मित्रांबरोबर गोवा' या शब्दांना सहलीपेक्षा अधिक अर्थ असतो. घर, गाव आणि नात्यागोत्याची नजर यांपासून काही रात्रींची सुटका, असा तो अर्थ होय. ही सुटका कोणी शक्य केली आणि तिचा भार कोणी उचलला, हे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रश्न आहेत.

पर्यटनापूर्वीची रात्र

गोव्याच्या किनाऱ्यावर रात्री जागण्याची प्रथा पर्यटकांनी आणलेली नाही. जत्रा, दहीकाला, दशावतार आणि शिगमो यांच्या निमित्ताने गावे रात्र जागवीत आली आहेत. बारदेशातील शिवोलीचा 'जागोर' या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. नाताळानंतर होणाऱ्या या उत्सवात हिंदू व ख्रिस्ती ग्रामस्थ एकत्र येतात. जागोर या शब्दाचे आपल्या 'जागरा'शी असलेले नाते उघड आहे. विदर्भातील दंडार किंवा देवीचा गोंधळ ज्याने पाहिला आहे, त्याला ही रात्र परकी वाटणार नाही.

या जुन्या रात्रीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. जागणारे, नाचणारे, खर्च करणारे आणि दुसऱ्या दिवशी झोप मोडल्याचा त्रास सोसणारे लोक बहुतांशी एकाच गावचे असत. आनंद आणि त्याची किंमत यांचा हिशेब गावाच्या वेशीतच पूर्ण होत असे. अर्थात त्या रात्रीतही जातीची उतरंड आणि स्त्रियांवरील बंधने होतीच. तिचे उदात्तीकरण करण्याचा येथे हेतू नाही.

मोकळिकीची जडणघडण

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्या वेळी महाराष्ट्रात मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू होता व मद्यप्राशनासाठी परवान्याची अट होती. केंद्रशासित गोव्याने मात्र १९६४ मध्ये स्वतंत्र अबकारी कायदा केला. मद्य हा तेथे निषेधाचा नव्हे, तर महसुलाचा विषय राहिला. शेजारी राज्यांतील पर्यटकांना गोव्याची जी 'मोकळीक' स्वाभाविक वाटते, तिच्या मुळाशी कायद्यांतील ही तफावत आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु गावच्या भट्टीवरील हे पेय त्यापूर्वीच पर्यटकांच्या कल्पनेतील गोव्याचे प्रतीक बनले होते.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस पाश्चात्त्य हिप्पी तरुण कळंगुट, बागा व हणजूण येथे येऊ लागले. स्थानिक कुटुंबांनी त्यांना अल्प भाड्याने खोल्या दिल्या. पौर्णिमेच्या रात्रीची त्यांची संगीतसभा आणि हणजूणचा बुधवारचा बाजार यांतून एका नव्या रात्रसंस्कृतीचा पाया घातला गेला. १९७४ मध्ये आग्वाद किल्ल्याच्या परिसरात ताज समूहाचे हॉटेल उभे राहिले व १९८३ मध्ये राष्ट्रकुल नेत्यांची विश्रांती-बैठक गोव्यात झाली. १९८० च्या दशकात परदेशातून थेट चार्टर विमाने उतरू लागली. १९९० च्या दशकात 'गोवा ट्रान्स' हे संगीत जगभर ऐकले जाऊ लागले. तथापि, या टप्प्यावर किनाऱ्यावरील रात्रीच्या संगीतसभांचा नायक मुख्यतः परदेशी होता.

मित्रांची सहल

भारतीय मध्यमवर्गीय तरुण या रात्रीच्या केंद्रस्थानी आला तो त्यानंतर. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. उदारीकरणानंतर शहरी तरुणांच्या हाती पगार आला. २००१ मध्ये 'दिल चाहता है' हा चित्रपट प्रदर्शित झाला. शापोरा किल्ल्याच्या तटावर बसलेले तीन मित्र हे दृश्य एका पिढीच्या मनात इतके रुजले की, तो किल्ला आजही त्या चित्रपटाच्या नावाने ओळखला जातो. २००७ मध्ये कांदोळी येथे 'सनबर्न' महोत्सव सुरू झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्गाचेही उद्घाटन झाले, हा योगायोग विदर्भाच्या वाचकाला सूचक वाटेल.

यात एक बाब नजरेआड होते. चित्रपटातील ते तिन्ही मित्र पुरुष होते. आपल्याकडेही मुलाने मित्रांबरोबर गोव्यास जाणे ही घरची किरकोळ कुरबुर ठरते. मुलीने मैत्रिणींबरोबर जाणे हा मात्र कुटुंबाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होतो. त्यामुळे रात्रीची मोकळीक हा केवळ चैनीचा विषय उरत नाही. सार्वजनिक रात्रीवर कोणाचा हक्क आहे, हा प्रश्न तिच्यात दडलेला आहे. मुलींना घरी थांबवून तो सुटणार नाही. किनारा, रस्ता व वाहतूक सुरक्षित करूनच तो सुटेल.

झोप, ध्वनी आणि श्रम

पर्यटकाची रात्र ज्या गावात साजरी होते, त्या गावातही लोक झोपतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकास मनाई आहे. निवासी क्षेत्रात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये शांततेचा हक्क जीविताच्या हक्काशी जोडला. तरीही बारदेशातील ग्रामस्थांच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. या नियमांतून वाट काढण्यासाठी कानावर हेडफोन लावून नाचण्याच्या सभाही निघाल्या. जागोराच्या रात्री जागणारा गावकरी सहभागी होता. क्लबच्या रात्री जागणारा गावकरी तक्रारदार झाला, हा बदल मूलगामी आहे.

दुसरा बदल श्रमाचा आहे. स्वयंपाकी, वेटर, सफाई कामगार, रखवालदार व टॅक्सीचालक यांच्यासाठी ही रात्र म्हणजे कामाची पाळी असते. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील एका नाइट क्लबला मध्यरात्रीच्या सुमारास आग लागून २५ जणांचा मृत्यू झाला. मृतांत पर्यटक थोडे होते; बहुसंख्य तेथे राबणारे कर्मचारी होते व त्यांतील अनेक जण दूरच्या राज्यांतून आणि नेपाळमधून पोटासाठी आलेले होते. त्याआधी, २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईच्या कमला मिल परिसरातील आगीत १४ जण दगावले होते. दोन्ही घटनांनंतर सुरक्षा नियमांच्या अंमलबजावणीवर प्रश्नचिन्ह उभे राहिले. आनंदाची जागा सुरक्षित आहे की नाही, हे पाहण्याचे काम आनंद घेणाऱ्यावर सोपविता येत नाही; ते शासनाचे व मालकाचे कर्तव्य आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, किनाऱ्यावरील रात्रीची मोकळीक कायदा, वाहतूक, चित्रपट आणि स्वस्त श्रम यांनी मिळून घडविली आहे. मित्रांसह रात्र साजरी करण्यात गैर काही नाही. माणसाचे जागरणप्रेम पर्यटनाहून पुष्कळ जुने आहे. मात्र गावाच्या रात्रीत आनंद व किंमत एकाच समाजात वाटली जात होती. आजच्या रात्रीत आनंद एका गटाकडे व किंमत दुसऱ्याकडे गेली आहे. या विषमतेचा विचार केल्याशिवाय पर्यटनाचा इतिहास पूर्ण होत नाही.

महाविद्यालयीन अभ्याससहली गोव्यात जातात, तेव्हा जुन्या गोव्याची चर्चगृहे व मंगेशीचे देवालय दिवसा दाखविले जाते. सायंकाळनंतरचा वेळ 'मोकळा' म्हणून वगळला जातो. त्या वेळात किनाऱ्यावर कोण काम करतो, तो कोठून आला, किती वाजता झोपतो आणि शेजारच्या घरात कोण जागे आहे, एवढी नोंद जरी विद्यार्थ्यांनी केली, तरी रात्रीच्या मौखिक इतिहासाची साधने आपल्याच हातांनी जमू लागतील.