प्ले, पॉज, स्टॉप: डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये व्हिडिओ नेमका चालतो कसा? समजून घ्या 'मीडियाएलिमेंट'

एखादं सॉफ्टवेअर उघडलं, त्यातला व्हिडिओ सुरू केला आणि समोर नुसता काळा चौकोन. आवाज नाही, चित्र नाही, एररचा मेसेजही नाही. तीच फाइल शेजारच्या कॉम्प्युटरवर मात्र व्यवस्थित चालते. मग दोष कोणाचा? फाइलचा, कॉम्प्युटरचा की सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा?

उत्तर शोधायचं तर प्लेच्या बटणामागे काय घडतं ते पाहावं लागेल. विंडोजवरची डेस्कटॉप सॉफ्टवेअर तयार करण्यासाठी अनेक वर्षांपासून वापरात असलेलं एक टूलकिट म्हणजे 'विंडोज प्रेझेंटेशन फाउंडेशन', थोडक्यात डब्ल्यूपीएफ. त्यात ऑडिओ-व्हिडिओ चालवण्याचं काम 'मीडियाएलिमेंट' नावाचा घटक करतो. तो कसा चालतो आणि कुठे अडतो, ते सोप्या भाषेत पाहू.

डब्ल्यूपीएफ म्हणजे काय?

सॉफ्टवेअरच्या खिडकीत दिसणारी बटणं, याद्या, मजकुराच्या चौकटी प्रत्येक प्रोग्रामरने शून्यापासून तयार करायच्या नसतात. त्या तयार मिळतात. अशा तयार घटकांच्या संचाला टूलकिट म्हणतात.

मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूपीएफ नोव्हेंबर २००६ मध्ये 'डॉटनेट फ्रेमवर्क ३.०' सोबत आणलं. डिसेंबर २०१८ मध्ये ते ओपन सोर्स झालं आणि २०१९ मध्ये 'डॉटनेट कोअर ३.०' मध्येही आलं. त्यामुळे इतकी वर्षं होऊनही त्यावर सॉफ्टवेअर लिहिली जातात. खिडकीचा आराखडा 'झॅमल' या भाषेत लिहायचा आणि बटण दाबल्यावर काय व्हावं ते बहुतेकदा 'सी शार्प' या भाषेत, अशी कामाची विभागणी असते.

मीडियाएलिमेंट आणि मीडियाप्लेअर यांत फरक काय?

डब्ल्यूपीएफमध्ये या कामासाठी दोन घटक आहेत आणि नवशिक्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

मीडियाएलिमेंट खिडकीत जागा घेतो. बटणासारखाच तो आराखड्यात बसवता येतो, लहान-मोठा करता येतो. मीडियाप्लेअरला स्वतःची अशी दिसणारी जागा नसते. पडद्यावर काही दाखवायचं नाही, फक्त आवाज ऐकवायचा आहे, किंवा व्हिडिओ एखाद्या चित्राच्या आत रंगवायचा आहे, अशा वेळी तो उपयोगी पडतो.

महत्त्वाची गोष्ट अशी की, यांपैकी कुणीही फाइल स्वतः उलगडत नाही. दोघेही विंडोज मीडिया प्लेअरच्या यंत्रणेवर अवलंबून असतात आणि तिची किमान दहावी आवृत्ती कॉम्प्युटरवर असावी लागते. काळ्या चौकोनाचं एक मोठं कारण इथेच दडलेलं आहे. त्याकडे पुढे येऊच.

प्ले दाबलं तरी एरर का येते?

समजा, तुम्हाला मुलाखतीचं रेकॉर्डिंग ऐकत ऐकत टाइप करण्यासाठी एक छोटं सॉफ्टवेअर बनवायचं आहे. खिडकीत मीडियाएलिमेंट ठेवला, त्याच्या 'सोर्स' या गुणधर्मात फाइलचा पत्ता दिला, खाली प्ले आणि पॉज अशी दोन बटणं ठेवली. सॉफ्टवेअर सुरू करताच रेकॉर्डिंग आपोआप वाजू लागतं आणि पॉज दाबताच एरर येते.

असं होतं, कारण मीडियाएलिमेंटचा 'लोडेडबिहेव्हिअर' नावाचा गुणधर्म मुळात 'प्ले'वर असतो. त्याचा अर्थ, फाइल उघडली की वाजवायला लाग आणि बाहेरून कुणाचं ऐकू नकोस. नियंत्रण आपल्या हातात हवं असेल तर हा गुणधर्म 'मॅन्युअल' करावा लागतो. त्यानंतरच प्ले, पॉज आणि स्टॉप या आज्ञा चालतात.

पॉज आणि स्टॉप यांतला फरकही लक्षात ठेवायला हवा. पॉज केल्यावर जागा तशीच राहते. स्टॉप केल्यावर सुई पुन्हा सुरुवातीला जाते. चाळीस मिनिटांच्या मुलाखतीत सदतिसाव्या मिनिटाला चुकून स्टॉप दाबलं गेलं, तर ती जागा पुन्हा शोधत बसावं लागतं. म्हणून टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टॉपचं बटण पॉजच्या अगदी शेजारी नसलेलंच बरं.

आणखी एक अडचण. सध्या फाइल वाजते आहे की थांबलेली आहे, हे सांगणारा सरळ गुणधर्म मीडियाएलिमेंटमध्ये नाही. एकाच बटणावर प्ले आणि पॉज दोन्ही हवं असेल, तर ही नोंद प्रोग्रामरने स्वतः ठेवायची असते.

आवाज, वेग आणि जागा: कोणते आकडे बदलतात?

रोज लागणारे गुणधर्म मोजकेच आहेत.

- व्हॉल्यूम: ० ते १ मधला आकडा. मुळात तो ०.५ असतो.
- बॅलन्स: उणे १ म्हणजे पूर्ण डावा स्पीकर, १ म्हणजे पूर्ण उजवा, ० म्हणजे दोन्ही सारखे.
- इजम्यूटेड: व्हॉल्यूमचा आकडा न बदलता आवाज बंद करतो.
- स्पीडरेशो: १ म्हणजे मूळ वेग, ०.५ म्हणजे निम्मा, २ म्हणजे दुप्पट. उणे आकडा देऊन फाइल उलटी वाजवता येत नाही.
- पोझिशन: सुई सध्या कुठे आहे ती वेळ. ती वाचताही येते आणि बदलताही येते.

टाइप करणाऱ्यासाठी सर्वांत मोलाचं बटण म्हणजे 'पाच सेकंद मागे'. त्यासाठी वेगळी आज्ञा नाही. पोझिशनमधून पाच सेकंद वजा करायचे आणि उत्तर पुन्हा पोझिशनमध्ये लिहायचं. वजाबाकी शून्याच्या खाली गेली तर शून्यच ठेवायचं, एवढी काळजी घेतली की काम झालं.

आवाजाच्या बाबतीत एक गंमत आहे. व्हॉल्यूमचा आकडा सरळ रेषेत वाढतो, पण आपला कान तसा ऐकत नाही. १ वरून ०.५ वर आणलं म्हणून आवाज निम्मा झाल्यासारखा वाटत नाही. उलट तळाशी, ०.१ च्या आसपास, थोडा बदलही ठळक जाणवतो. म्हणून काही प्रोग्रामर स्लायडरचा आकडा थेट न वापरता त्याचा वर्ग करतात. स्लायडर अर्ध्यावर असेल तर व्हॉल्यूम ०.२५ होतो आणि पट्टी हातात अधिक नैसर्गिक वाटते.

एकूण वेळ शून्य का दिसते?

प्रगतीची पट्टी दाखवायची तर फाइल किती लांब आहे ते आधी कळायला हवं. ही माहिती 'नॅचरलड्युरेशन'मध्ये असते. पण सोर्स दिल्यावर पुढच्याच ओळीत ती विचारली, तर हाती काही लागत नाही.

फाइल उघडायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ अख्खी खिडकी गोठू नये म्हणून हे काम मागे, वेगळं चालतं. ते पूर्ण झालं की मीडियाएलिमेंट 'मीडियाओपन्ड' हा इशारा देतो. एकूण वेळ, व्हिडिओची रुंदी आणि उंची या गोष्टी या इशाऱ्यानंतरच विचारायच्या. त्यातही थेट प्रक्षेपणासारख्या प्रवाहाला ठरलेली लांबी नसू शकते. त्यामुळे वेळ उपलब्ध आहे का, हे आधी तपासावं.

फाइल संपली की 'मीडियाएंडेड' हा इशारा येतो. इथे बरेच जण फसतात. फाइल शेवटाला पोहोचल्यावर नुसतं प्ले दाबून ती पुन्हा सुरू होत नाही, कारण सुई अजून शेवटालाच असते. आधी पोझिशन शून्यावर आणायची, मग प्ले. एखादी फाइल सतत फिरवत ठेवायची असेल तरी हेच करायचं.

स्लायडर ओढताना आवाज का अडखळतो?

हा या विषयातला सर्वांत त्रासदायक भाग. जागा बदलली की तसं कळवणारा इशारा मीडियाएलिमेंट देत नाही. म्हणून प्रोग्रामर एक टायमर लावतो. साधारण दर २०० मिलिसेकंदांनी तो पोझिशन वाचतो आणि स्लायडर पुढे सरकवतो.

दुसरीकडे, वापरणाऱ्याने स्लायडर हलवला की पोझिशन बदलायला हवी. म्हणून स्लायडरची किंमत बदलली की पोझिशन बदलण्याची सूचनाही लिहिली जाते. आता पाहा काय होतं. टायमर स्लायडर हलवतो. स्लायडर हलला म्हणून पोझिशन बदलली जाते. पोझिशन बदलली म्हणून फाइल पुन्हा त्या जागेवर उडी मारते. सेकंदाला पाच वेळा हे घडलं की आवाज तुटक तुटक येतो.

त्यात वापरणाऱ्याने स्लायडर हातात धरला असेल तर आणखी गंमत. तो पुढे ओढतो, टायमर मागे खेचतो.

उपाय सोपा आहे. स्लायडर धरला की एक खूण करायची, 'सध्या पट्टी माणसाच्या हातात आहे'. तोवर टायमरने स्लायडरला हात लावायचा नाही. सोडल्यावर पोझिशन एकदाच बदलायची आणि खूण काढायची. टायमरने केलेल्या बदलावर पोझिशन बदलायचीच नाही.

पॉज केलेल्या व्हिडिओत पट्टी ओढताना चित्रही बदलायला हवं असेल, तर 'स्क्रबिंगएनेबल्ड' हा गुणधर्म सुरू करावा लागतो. तो मुळात बंद असतो.

आता काळ्या चौकोनाकडे: व्हिडिओ चालतच नाही, असं का?

कारणं प्रामुख्याने तीन.

एक, फाइल जागेवर नाही. चित्रांप्रमाणे व्हिडिओही सॉफ्टवेअरच्या मुख्य फाइलमध्ये 'रिसोर्स' म्हणून गुंडाळता येईल, असं अनेकांना वाटतं. मीडियाएलिमेंटच्या बाबतीत ते चालत नाही. फाइलचा प्रकार 'कंटेंट' ठेवून ती सॉफ्टवेअरच्या फोल्डरमध्ये वेगळी कॉपी व्हावी लागते. प्रोग्रामरच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर पूर्ण पत्ता दिल्यामुळे फाइल सापडते. दुसऱ्याकडे तो पत्ताच नसतो.

दोन, कोडेक नाही. एमपीफोर हे फक्त वेष्टन आहे. आतला व्हिडिओ एच.२६४ पद्धतीने दाबलेला असेल तर विंडोज ७ पासून तो उलगडण्याची सोय विंडोजमध्येच आहे. पण तो नव्या एचईव्हीसी पद्धतीचा असेल तर त्यासाठीचं एक्स्टेन्शन त्या कॉम्प्युटरवर असावं लागतं.

तीन, विंडोजची 'एन' आवृत्ती. यामागे एक कायदेशीर लढाई आहे. विंडोजसोबत मीडिया प्लेअर जोडून देणं स्पर्धेला मारक आहे, असा निर्णय युरोपियन कमिशनने मार्च २००४ मध्ये दिला आणि मायक्रोसॉफ्टला सुमारे ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड केला. मीडिया प्लेअर नसलेली विंडोजही बाजारात आणावी लागली. तीच 'एन' आवृत्ती. तिच्यात मीडियाएलिमेंटला लागणारी यंत्रणाच नसते. विंडोज १० आणि ११ मध्ये 'मीडिया फीचर पॅक' नंतर बसवता येतो, पण हे वापरणाऱ्याला कुणी सांगितलं तर!

या तिन्ही वेळी मीडियाएलिमेंट गप्प बसत नाही. तो 'मीडियाफेल्ड' नावाचा इशारा देतो आणि त्यात बिघाडाचं कारणही असतं. प्रोग्रामरने हा इशारा ऐकण्याची सोय केली नसेल, तर मात्र तो विरून जातो आणि समोर उरतो काळा चौकोन. म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं: बिघाड फाइलचा किंवा कॉम्प्युटरचा असू शकतो, पण तो न सांगण्याचा दोष सॉफ्टवेअरचा.

फाइल डिलीट का होत नाही?

रेकॉर्डिंग ऐकून झालं, फाइल डिलीट करायला गेलं तर विंडोज सांगतं, ती वापरात आहे. स्टॉप केल्याने फाइल सुटत नाही. त्यासाठी 'क्लोज' ही आज्ञा द्यावी लागते. सॉफ्टवेअर बराच वेळ उघडं राहणार असेल आणि एकामागून एक फाइली लावल्या जाणार असतील, तर हे विसरून चालत नाही.

इतर टूलकिटमध्ये काय वेगळं?

तत्त्व सगळीकडे तेच, तपशील वेगळे. 'क्यूटी' या टूलकिटच्या प्लेअरमध्ये जागा बदलल्याचा इशारा आपोआप मिळतो, तोही मिलिसेकंदांत. त्यामुळे टायमर लावावा लागत नाही. त्याच्या सहाव्या पिढीत आवाजाचं नियंत्रण वेगळ्या घटकाकडे गेलं आहे आणि ६.५ आवृत्तीपासून फाइल उलगडायला मुळात 'एफएफएमपेग' वापरलं जातं. 'जावाएफएक्स'चा प्लेअर आपली अवस्था स्वतः सांगतो: तयार, चालू, थांबलेला, डेटाअभावी अडलेला वगैरे.

थोडक्यात, काय लक्षात ठेवायचं?

तुम्ही प्रोग्रामिंग शिकत असाल तर चार गोष्टी पुरेशा आहेत. लोडेडबिहेव्हिअर मॅन्युअल ठेवा. वेळ विचारण्याआधी मीडियाओपन्डची वाट पाहा. स्लायडर आणि टायमर यांना एकमेकांशी भांडू देऊ नका. आणि मीडियाफेल्ड आलं की स्क्रीनवर समजेल असं एक वाक्य दाखवा.

तुम्ही फक्त वापरणारे असाल आणि समोर काळा चौकोन आला, तर फाइल जागेवर आहे का, दुसऱ्या प्लेअरमध्ये चालते का आणि सेटिंग्जमधल्या 'अबाउट' पानावर विंडोजच्या नावापुढे 'एन' आहे का, एवढं पाहा. तिथे 'एन' दिसला, तर ऑप्शनल फीचर्समधून मीडिया फीचर पॅक बसवून कॉम्प्युटर एकदा रीस्टार्ट करा आणि व्हिडिओ पुन्हा लावून बघा.